आधी डिजिटलच घ्या असं मी का म्हणालो

नमस्कार, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की नवख्या माणसाला "आधी सेकंडहँड डिजिटल कॅमेरा घे, फिल्मचं नंतर बघू" असं सांगून मी त्याला आळशी बनवतोय, ३६ फोटोंचा रोल हातात असला की माणूस विचार करूनच बटण दाबतो. विचार करतो, शंभर टक्के मान्य. पण तो विचार कुठे चुकला हे कळायला नको का?

मी स्वतः पेंटॅक्स के१००० या फिल्म कॅमेऱ्यावर शिकलो. रोल संपायला दीड महिना, मग लॅबमधे आठवडा, आणि प्रिंट हातात आली की हा फोटो हललाय का, शटर १/३० सेकंदाला होतं की १/६० ला, काही म्हणजे काही आठवायचं नाही. वहीत लिहून ठेवायचो पण पावसात गड चढताना वही कोण काढणार. एकदा हरिश्चंद्रगडावर दोन दिवस अगदी मन लावून फोटो काढले, फोटो मोजणारा काउंटर व्यवस्थित पुढे जात होता, आणि फिल्मचं टोक आत गुंडाळणाऱ्या स्पूलला नीट अडकलेलंच नव्हतं, अख्खा रोल कोरा. फिल्म पुढे सरकवायची लिव्हर ओढताना डावीकडची रिवाइंडची नॉब फिरतेय का ते बघायचं असतं, हे मला नंतर कळलं. कोकणकड्यावरून वर येणारे ते ढग अजून डोळ्यासमोर आहेत, फोटो नाही. डिजिटलवर त्याच संध्याकाळी फोटो उघडला की अ‍ॅपर्चर, शटर, आयएसओ, म्हणजे उजेडाची सगळी सेटिंग्ज त्याच्यासोबत लिहिलेली असतात, दुसऱ्या दिवशी पहाटे तिथेच जाऊन सुधारता येतं. शिकणाऱ्याला हे मिळायलाच हवं असं मला मनापासून वाटतं.

आणि पैसे. आज कलर रोल, डेव्हलपिंग, स्कॅन धरून दीड हजाराच्या आसपास जातात, म्हणजे एका क्लिकला चाळीसेक रुपये. कॉलेजातला मुलगा एवढ्या पैशात चुका करायलाच घाबरेल.

निगेटिव्ह जास्तीचा उजेड सहन करते आणि डिजिटलवर आभाळ एकदा पांढरं झालं की गेलंच, हे तुमचं बरोबर आहे, मी ते लिहायला हवं होतं. फक्त हे निगेटिव्हपुरतं, स्लाइड फिल्म (जिच्यावर उलटं नाही, सरळ रंगीत चित्रच उमटतं) या बाबतीत फारच कडक. निगेटिव्ह पन्नास वर्षं टिकते हेही खरं, पण कोरडी ठेवली तर! आमच्या कोकणातल्या घरी आईबाबांच्या लग्नाच्या निगेटिव्हवर बुरशी चढली, निम्मे चेहरे गेले. आता उरलेल्या निगेटिव्ह, ओल शोषणारं सिलिका जेल घालून, डब्यात ठेवल्यात, आणि स्कॅन दोन हार्डडिस्कवर.

मी फिल्म सोडलेली नाहीये हो. एचपी५ ही ब्लॅक अँड व्हाइट फिल्म अजून वापरतो, घरीच धुतो, आणि डेव्हलपिंगच्या टाकीतून ओली पट्टी बाहेर काढून उजेडात धरतो तेव्हाचा आनंद मला कुठल्याच स्क्रीनवर मिळालेला नाही. तुमच्या ओळखीत कोणाला फिल्मच हवी असेल तर त्याला ब्लॅक अँड व्हाइट द्या आणि डेव्हलपिंगही त्यालाच करू द्या, लॅबवर सोडू नका. डी-७६ हे डेव्हलपर केमिकल मिळतं, केमिकल २० डिग्रीला हवं, मे महिन्यात आपल्या नळाचं पाणी त्याच्या बरंच वर असतं, तेव्हा बाटली बर्फाच्या पाण्यात ठेवून थर्मामीटर बघत बसायचं. पहिला रोल मात्र घराजवळच काढायला सांगा, ट्रेकला नको.