सक्ती आहे, पण सरावाचा पुतळा मोठ्या माणसाचा

जिममध्ये कुणी कोसळल्याचा व्हिडिओ फिरला की भारतात मागणी सुरू होते: परदेशासारखं सीपीआर, म्हणजे हृदय-श्वास बंद पडल्यावर छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन जीव वाचवणं, शिकणं सक्तीचं करा. इथे जर्मनीत ती सक्ती आहे. गाडीच्या परवान्यासाठी 45 मिनिटांच्या 9 तासिकांचा प्रथमोपचार कोर्स करावाच लागतो. पण साध्या परवान्याला तो एकदाच. अठराव्या वर्षी शिकलेलं काही महिन्यांत हातातून जातं, कागद मात्र जन्मभर चालतो. त्यात डोळ्यांपुढे असतो तो रस्त्यावरचा प्रौढ जखमी. तान्ह्या बाळासाठीचा कोर्स इथेही वेगळा, आणि आईबापांना ऐच्छिक.

म्हणून नुसती सक्ती मागून भागणार नाही. जाहीर प्रात्यक्षिकांत ‘फक्त छाती दाबा, तोंडाने श्वास नको’ असं शिकवतात. अचानक हृदय बंद पडलेल्या प्रौढासाठी ते ठीक, कारण त्याच्या रक्तात थोडा ऑक्सिजन शिल्लक असतो. बाळाचं उलटं असतं. बहुतेक वेळा आधी श्वास थांबतो, ऑक्सिजन संपतो आणि मग हृदय थकतं. तिथे नुसतं दाबणं म्हणजे रिकामं रक्त फिरवणं.

एक वर्षाखालचं बाळ तळपायावर टिचक्या मारूनही हलत नसेल, तर श्वास बघा. 10 सेकंदांहून जास्त नाही. अधूनमधून येणारे आचके म्हणजे श्वास नव्हे. फोन स्पीकरवर टाकून 112 लावा; भारतात 108सुद्धा. बाळ कठीण पृष्ठभागावर, डोकं सरळ. इथेच सगळ्यात जास्त चुकतं: मोठ्या माणसासारखी मान मागे ताणली की बाळाची मऊ श्वासनलिका दबते. तोंड आणि नाक दोन्ही आपल्या तोंडात घेऊन, गालात मावेल एवढीच हवा, एक सेकंद. छाती उचलली की पुरे. युरोपीय पद्धतीत आधी असे 5 श्वास, मग सामान्य माणसाने आलटून पालटून 30 दाब आणि 2 श्वास. अमेरिकी पद्धत थेट 30 दाबांनी सुरू होते. या फरकावर वाद घालत बसू नये.

दोन्ही हातांनी छाती वेढून, दोन अंगठे उरोस्थीच्या, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाच्या, खालच्या अर्ध्यावर. खोली छातीच्या एक तृतीयांश, साधारण 4 सेंटीमीटर. वेग मिनिटाला 100 ते 120. जुन्या तक्त्यांतली दोन बोटांची पद्धत आता मागे पडली, कारण बोटं थकतात आणि दाब उथळ पडतो. दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची.

‘अर्धवट शिकलेला बरगड्या मोडेल’ हा आक्षेप मला पटत नाही. बाळाच्या बरगड्या लवचिक असतात, आणि श्वास नसलेल्या बाळाला आपण काही न करता थांबण्याइतका धोका दुसरा नाही.

घशात काही अडकलं तर? आवाज काढून खोकत असेल तर खोकू द्या. आवाजच बंद झाला तर पालथं, डोकं छातीपेक्षा खाली, जबड्याला आधार, खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने 5 थापा. मग उताणं करून छातीवर 5 धक्के. असंच आलटून पालटून. पोट दाबायचं नाही, यकृताला इजा होते. न दिसणारी वस्तू बोटाने चाचपायची नाही, ती आणखी आत जाते. बाळ निपचित पडलं तर सीपीआर.

कायदा होईल तेव्हा होवो. प्रसूतीनंतर घरी सोडताना परिचारिकेने बाळाच्या आकाराच्या पुतळ्यावर अर्धा तास हात बसवून घ्यावा: आईबापांसोबत आजीचा, आणि दिवसभर सांभाळणाऱ्या बाईंचाही. सहा महिन्यांनी, वरचं खाणं सुरू होताना, पुन्हा एकदा.