"आधी पैसे भरा, मग विकून देतो"

गेल्या रविवारी मुलुंडला मामांकडे गेलो होतो. मामी चहा टाकायला आत गेली तशी मामांनी कपाटातून दोनशेपानी वही काढून माझ्यापुढे ठेवली. "बघ जरा. मामीला एवढ्यात बोलू नकोस."

डाव्या पानावर भरलेले पैसे: २३,६०० आणि त्याखाली ४१,०००. उजव्या पानावर यायचे पैसे: २,८०,०००. हा आकडा पेन्सिलने लिहिलेला.

२०१२ साली या दोघांनी पंचवीस वर्षांची हॉलिडे मेंबरशिप घेतली होती. मॉलमध्ये लकी ड्रॉचं कूपन भरलं, चार दिवसांनी "गिफ्ट लागलंय, जोडीने या" म्हणून फोन आला, मग अंधेरीच्या हॉटेलात तीन तास बसवून ठेवलं. साडेतीन लाख, "ही किंमत फक्त आजच". मामांनी त्याच संध्याकाळी सही केली.

आपल्याकडच्या बहुतेक मेंबरशिपमध्ये तुमच्या नावावर काहीच होत नाही. सब-रजिस्ट्रारकडे नोंद नाही, एक चौरस फूट जागाही नाही. मिळतो तो वर्षातून आठवडाभर राहायचा हक्क, तोही तुमच्या सीझनप्रमाणे आणि खोली रिकामी असेल तर. मामांना मे महिन्यात महाबळेश्वर एकदाही मिळालं नाही. वर एएमसी, म्हणजे दरवर्षीचा देखभाल खर्च, यंदा अठरा हजार. साडेतीन लाखांचे पंचवीस भाग केले की वर्षाचे चौदा हजार, एएमसी धरून त्या एका आठवड्याचे बत्तीस हजार झाले. त्यात जेवण नाही, प्रवास नाही. एखाद्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि गेलाच नाहीत, तरी एएमसी भरायचीच.

हे ओझं उतरवावं असं मामांना वाटणं अगदी साहजिक होतं. नेमका तेव्हाच फोन आला. समोरच्याला मेंबरशिप नंबर माहीत होता, म्हणून मामांचा विश्वास बसला. सुरतची एक कंपनी स्टाफसाठी मेंबरशिप विकत घेतेय, दोन लाख ऐंशी हजार देतेय, तुम्ही फक्त एनओसीचे वीस हजार अधिक अठरा टक्के जीएसटी भरा, नंतर परत मिळतील. जीएसटीचा हिशोब बरोबर होता, मामांनी कॅल्क्युलेटरवर करून पाहिला होता. मग एकेचाळीस हजार "रिझर्व्ह बँकेच्या क्लिअरन्ससाठी". व्हॉट्सॲपवर पत्र आलं, वर अशोकस्तंभ, खाली गोल शिक्का. पैसे मात्र गेले कुणा बाईच्या सेव्हिंग खात्यात. आता पासष्ट हजार टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापला जाणारा कर, मागत होते, आणि तो भरायला मामा एफडी मोडणार होते.

टीडीएस पैसे देणारा कापून घेतो, पैसे घेणाऱ्याने तो आधी भरायचा नसतो. तुमची मेंबरशिप विकायला रिझर्व्ह बँकेचा काही संबंधच येत नाही. आणि खरा दलाल आपली दलाली सौदा झाल्यावर घेतो. घर विकताना आपण कुठे एजंटला आधी पैसे देतो? युरोपात २००८ च्या निर्देशानुसार टाइमशेअरची, म्हणजे अशाच सुट्टीच्या हक्काची, पुनर्विक्री पूर्ण होईपर्यंत मध्यस्थाला एक पैसाही घेता येत नाही. आपल्याकडे टाइमशेअरसाठी वेगळा कायदा नाही, म्हणून हा नियम आपला आपणच पाळायचा.

विकायचीच असेल तर मूळ करारावरच्या नंबरवर कंपनीला स्वतः फोन करा, आलेल्या फोनवर बोलू नका. ट्रान्सफर चालते का, त्याची फी किती, एएमसीची थकबाकी किती, हे लेखी मागवा. आणि भरलेले साडेतीन लाख परत मिळतील ही आशा सोडा. मला वाटतं, फसवणारे त्या आशेवरच जगतात. एकदा बुडालेला माणूस बुडालेलं काढायला जातो आणि आणखी आत जातो.

घेणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं, त्या दिवशी सही करूच नका. कराराची प्रत घरी आणा. दिली नाही तर उठून या. सेल्समन तोंडाने जे सांगतो ते करारात शोधा, नसेल तर ते मिळणार नाही असंच धरा. काही कंपन्या दहा दिवसांत रद्द करायची मुभा देतात, ते कलम आहे का पाहा. ईएमआयचं कर्ज बहुधा वेगळ्या कागदावर असतं, मेंबरशिप रद्द केली तरी हप्ते चालूच राहू शकतात.

कंपनीने खोटं सांगून विकली असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातल्याच ग्राहक आयोगाकडे, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. फोनवरच्या फसवणुकीला सायबर हेल्पलाइन १९३०. तिथे जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे पुढे सरकण्याआधी गोठवले जायची शक्यता जास्त.

मामांनी सहा आठवडे कुणाला सांगितलं नाही. मुलगा ओरडेल, सून हसेल, ही भीती. याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण मामांना गप्प बसवलं ते आपल्या घरातल्या बोलण्याने.

मामी चहा घेऊन आली तेव्हा मामांनीच वही तिच्याकडे सरकवली. तिने दोन्ही पानं वाचली आणि म्हणाली, "तरीच रात्र रात्र जागे असता." मग आम्ही तिघांनी बसून १९३० ला फोन लावला. तक्रार नोंदवली आहे, पैशांचं अजून कळलेलं नाही. मूळ कंपनीला थकबाकी आणि ट्रान्सफरबद्दल ईमेल केला आहे. त्याचा मसुदा कुणाला हवा असेल तर मेसेज करा, पाठवतो.