दहावीच्या आधीची नऊ वर्षं

दहावी-बारावीच्या परीक्षा जवळ आल्या की महाराष्ट्रात तोच वाद पेटतो. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र मिळवून सवलती लाटणारे किती, लेखनिक देणं, जादा वेळ देणं हा बाकीच्या मुलांवर अन्याय नाही का. खोटी प्रमाणपत्रं जरूर पकडावीत. पण अमेरिकेत राहणारी, डिस्लेक्सिया (अक्षरं-शब्द वाचण्यातली अडचण) असलेल्या मुलाची आई म्हणून हे वाचताना जीव तुटतो. सगळं भांडण परीक्षेच्या तीन तासांवरून आणि आधीच्या नऊ वर्षांबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

इथे दिव्यांग मुलांच्या शिक्षणाच्या १९७५च्या कायद्यापासून (आज त्याला आयडिया म्हणतात) पात्र ठरलेल्या प्रत्येक मुलासाठी सरकारी शाळेला लेखी आराखडा करावा लागतो. तो आयईपी, म्हणजे त्या एका मुलापुरता शिक्षणाचा आराखडा. पालकांनी संमती दिली की साधारण ६० दिवसांत मुलाची तपासणी व्हावी लागते. काही राज्यांची मुदत वेगळी आहे. आराखड्याचा आढावा दरवर्षी होतो.

खरी गोम मजकुरात असते. आमच्या पहिल्या मसुद्यात नुसतं लिहिलं होतं, 'वाचनात सुधारणा होईल.' मी विचारलं, किती, कधीपर्यंत आणि मोजणार कोण? मग कागदावर आलं: आठवड्यातून चार दिवस, ३० मिनिटं, तीन मुलांच्या गटात, विशेष शिक्षिकेकडे; मिनिटाला किती शब्द अचूक वाचतो याची दर पंधरवड्याला नोंद. पुढे त्या शिक्षिका रजेवर गेल्या आणि तास बंद पडले. मिनिटं लिहिलेली होती म्हणूनच बुडलेले तास मला मागता आले, आणि शाळेने ते भरून दिले.

आपली माणसं इथेही 'तुम्ही म्हणाल तसं, मॅडम' म्हणून सही करून येतात. समोर पाच-सहा जण बसलेले, सगळी भाषा तांत्रिक, दडपण येतंच. पण पालक त्या बैठकीचे सदस्य असतात. दुभाषा मागता येतो. शाळेची तपासणी पटली नाही तर बाहेरच्या तज्ज्ञाकडून, शाळेच्या खर्चाने, नवी तपासणी मागता येते.

इथे सगळं आलबेल नाही. विशेष शिक्षणाच्या जादा खर्चातला ४० टक्के वाटा उचलण्याचं अमेरिकेच्या केंद्र सरकारचं उद्दिष्ट आजवर कधीच पूर्ण झालेलं नाही. विशेष शिक्षकांचा तुटवडा आहे, आणि कायदा वाचता येणाऱ्या घरांच्या पदरात जास्त पडतं. ही गोष्ट मला फार खुपते.

तरी भारतात कायदाच नाही, असं कुणी म्हणू नये. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १६ सरकारी अनुदानित आणि मान्यताप्राप्त शाळांना लागू आहे. अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखा, त्यावर अध्यापनाचे उपाय करा, प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याच्या प्रगतीवर लक्ष ठेवा, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१च्या निकालानंतर विशेष शिक्षकांचं प्रमाणही ठरलं: प्राथमिकला १० दिव्यांग मुलांमागे एक, वरच्या वर्गांना १५ दिव्यांग मुलांमागे एक. आपण मात्र कलम १७मधल्या जादा वेळेवर आणि लेखनिकावरच अडून बसलोय.

मूल दुसरीत असतानाच अक्षरांशी झगडत असेल, तर मुख्याध्यापकांना कलम १६चा उल्लेख करून पत्र द्या. कोण शिकवणार, आठवड्यातून किती वेळ, प्रगती कशी मोजणार, एवढंच विचारा. उत्तर लेखी मागा आणि पोच घ्यायला विसरू नका.