दोन स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

आमच्या शेतावरच्या सहलीचा तुमचा रिव्ह्यू वाचला, घरात सगळ्यांना वाचूनही दाखवला. जाहिरातीत 'बेट' लिहिलंय पण बोट नाही, जेवण तीन वाजता मिळालं, एका म्हाताऱ्यानं मुलांवर आरडाओरडा केला, मुलीच्या नव्या फ्रॉकला हळद लागली आणि 'दिवसभर करण्यासारखं काहीच नाही', अशा तुमच्या तक्रारी. स्टार दोन.

आधी जेवणाचं बोलतो, कारण ती चूक सगळी माझी. तुम्ही एकची वेळ सांगून ठेवली होती. त्या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची होती. रात्री उठून मोटर चालू करून टाकी भरायची, ते माझ्याकडून राहिलं. मग हापशावरून पाणी आणून चुली पेटेपर्यंत बारा वाजून गेले. भरली वांगी गार होती असं तुम्ही लिहिलंय, त्यावर आमच्या घरात अजून वाद चालू आहे. पण लहान मुलं तीनपर्यंत उपाशी राहिली, त्याला उत्तर नाही. पाचही जणांच्या जेवणाचे पैसे बुकिंगच्याच नंबरवर परत पाठवलेत.

बोटीचंही तुमचं बरोबर. पुतण्यानं कुठला तरी फोटो उचलून जाहिरातीत टाकला होता, तो काढला. बहे गावचं रामलिंग बेट कृष्णेच्या पात्रात आहे; उन्हाळ्या-हिवाळ्यात पायी जाता येतं आणि मोठा पूर आला की देऊळच पाण्याखाली जातं. तेव्हा आम्ही सहली बंद ठेवतो. देवळात 'पाच मिनिटांत बघून झालं' म्हणालात. मागं मारुतीपर्यंत गेला नसाल. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी तो एक. रामाच्या पूजेत पुराचं पाणी येऊ नये म्हणून मारुतीनं दोन्ही बाहू पसरून कृष्णा अडवली, नदी दोन्ही अंगांनी वाहिली आणि मधे हे बेट राहिलं, असं आमच्याकडं सांगतात. हे सांगायला तुमच्याबरोबर कुणीतरी यायला हवं होतं. त्या दिवशी घरचे सगळे हापशावरून पाणी आणण्यात होते.

आता तो म्हातारा. ते माझे वडील, आबा. तुम्ही लिहिलंय की मुलं शांत पाण्यात पाय सोडून बसली होती, कुणाला काय त्रास होता? ताई, रिव्ह्यूसोबत तुम्ही टाकलेला तिसरा फोटो जरा मोठा करून बघा. उजव्या कोपऱ्यात मळईच्या, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या जमिनीच्या, कडेला ओंडका दिसतोय ना, तो ओंडका नाही. भिलवडी, औदुंबर, सांगली या पट्ट्यात कृष्णेतल्या मगरी कुणाला नव्या नाहीत. थंडीत ऊन खायला काठावर येतात, आ वासून तासन् तास पडून राहतात. पाण्यात असल्या की नुसते डोळे आणि नाकाचा शेंडा वर. आमचं एक शेरडू त्याच जागेवरनं गेलंय. आबा 'मागं सरा रं पोरांनो' एवढंच म्हणाले, फक्त बांधावरनं, आणि त्यांचा आवाज ऊसतोडीच्या फडात कमावलेला आहे. त्यांच्या ओरडण्याबद्दल मी माफी मागणार नाही. तिथं पाटी नव्हती, त्याबद्दल मागतो. सोमवारीच लावली.

राहिलं 'करण्यासारखं काही नाही'. रेन डान्स, डीजे, स्विमिंग पूल आमच्याकडं नाही, हे बुकिंगच्या वेळीच सांगतो. ऊस, हळद, दोन म्हशी आणि नदी, एवढंच आहे. तुम्ही आलात तेव्हा हळदीची काढणी चालली होती. तुमची धाकटी आमच्या आईशेजारी बसून गड्डे मोडत होती. मुख्य खोडाखालचा जेठा गड्डा वेगळा, बाजूच्या फुटव्यांखालचा बगल गड्डा वेगळा, त्यांना फुटलेली हळकुंडं वेगळी, हे तिला अर्ध्या तासात कळलं. शिजलेल्या हळकुंडात काडी घालून बघायचं कामही आईनं तिलाच दिलं. काडी सहज आत गेली की 'झालं!' म्हणून ओरडायची. हळद शिजवायच्या कुकरवरचा गडी तिच्या हुकमाशिवाय वाफ सोडेना. पुढं ती हळद पंधरा-एक दिवस वाळणार, पॉलिश होणार, मग सांगलीच्या सौद्याला जाणार. तिला काही कंटाळा आलेला दिसला नाही. थोरल्याला आला असेल, त्याला फोनची रेंज मिळत नव्हती.

फ्रॉकला मात्र आम्ही ओला गड्डा हाताळताना काही बांधायला द्यायला हवं होतं. आता आईनं जुन्या लुगड्यांचे चार एप्रन शिवलेत. डागाला साबण लावलात की तो लाल होईल, घाबरू नका, हळदीचं तसंच असतं. धुवून, ओला असतानाच कडक उन्हात टाका, डागाची बाजू वर करून. दोन-तीन दिवस रोज असंच करा, पिवळा उतरत जाईल. सावलीत वाळवू नका.