शब्द बदलून आजार बरा होतो का?

नमस्कार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: रुग्णांसाठीच्या माहितीत आदराच्या, सर्वसमावेशक भाषेचा आग्रह हे चोचले आहेत. शब्द बदलून आजार बरा होत नाही, उलट वाक्यं लांबतात आणि कळेनाशी होतात.

वाक्यं कळेनाशी होतात, यावर मी तुमच्या बाजूने आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीबद्दल ‘गर्भाशयमुख असलेल्या व्यक्तींनी’ एवढंच लिहिलं, तर हा अवयव कुठे असतो हेच ठाऊक नसलेली बाई पान उलटून पुढे जाईल. ‘स्त्रिया, तसंच गर्भाशयमुख असलेले ट्रान्स पुरुष’ (म्हणजे जन्मतः मुलगी अशी नोंद झालेले, पण पुरुष म्हणून ओळख असलेले) असं लिहिलं की हे आपल्यासाठी आहे, हे दोघांनाही कळतं. आणि तपासणीची गरज दोघांनाही आहे.

पण शब्दांनी उपचारात फरक पडत नाही, हे मला अजिबात मान्य नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि निवासी डॉक्टरांना सिकल सेल या तीव्र वेदना देणाऱ्या, रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या एका काल्पनिक रुग्णाबद्दल दोनपैकी एक नोंद वाचायला दिली होती. वैद्यकीय माहिती दोन्हींत सारखीच. एकीची भाषा तटस्थ होती, दुसरीतून रुग्णावरचा अविश्वास डोकावत होता. दुसरी नोंद वाचणाऱ्यांचं रुग्णाबद्दलचं मत तर बिघडलंच, शिवाय त्याच्या वेदनांवर त्यांनी उपचारही कमी सुचवले. दुखणं तेवढंच असताना!

हीच भाषा रुग्णाच्या हाती पडते तेव्हा काय होतं? ‘हयगय करणाऱ्या रुग्णांचा रक्तदाब आटोक्यात येत नाही’ असं वाचून आलेला माणूस गोळ्या चुकल्याचं कबूल करेल का? तो ‘रोज घेतो’ म्हणेल आणि डॉक्टर गरज नसताना डोस वाढवतील. त्याऐवजी ‘गोळ्या नियमित घेणं कशामुळे अवघड जातंय ते डॉक्टरांना सांगा’ असं लिहिलं, तर चक्कर येते, औषध परवडत नाही, रात्रपाळीमुळे वेळा चुकतात, हे बोलायला वाट मिळते. आणि यातल्या बहुतेक गोष्टींवर उपाय असतो.

‘मग मधुमेहीसुद्धा म्हणायचं नाही का?’ असंही तुम्ही विचारलंत. सरसकट बंदी मला नको आहे. काहींना ‘मधुमेह असलेली व्यक्ती’ हवं असतं, तर अनेक कर्णबधिर आणि स्वमग्न (ऑटिस्टिक) माणसं ती ओळख अभिमानाने आधी सांगतात. म्हणून मजकूर छापण्याआधी तो ज्यांच्यासाठी आहे, त्यांच्यापैकी काहींना वाचायला द्यावा. ‘पीडित’ मात्र मी सरसकट कुणाला चिकटवणार नाही. आजार सांभाळून नोकरी करणाऱ्या, मुलं वाढवणाऱ्या माणसाचं ते वर्णनच चुकीचं आहे.