मरायचं आहेच, घाई कसली!

मरणाची तयारी करायची म्हणता? करा की. पण घाई नको. आपण बेळगावकर. १९५६ पासून सीमाप्रश्नाच्या निकालाची वाट बघतोय, २००४ पासून सुप्रीम कोर्टाच्या तारखा मोजतोय. वाट बघायचं आपल्याला कोण शिकवणार?

आधार हवा असेल तर रोमचा बादशहा कॉन्स्टंटाइन घ्या. ३२५ साली त्यानं निकियात बिशपांची परिषद भरवली, धर्माच्या वादात तोंड घातलं. आणि स्वतःचा बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होण्याचा विधी? ३३७ साली, अंथरूण धरल्यावर! आणखी उशिराचा दाखला हवा तर येशूशेजारच्या क्रुसावर, मरता मरता पश्चात्ताप करून तरलेला चोर आहेच. फक्त, त्याला मरणाचा दिवस सरकारनं कळवला होता. तुम्हाला कोण कळवणार, हे विचारत बसू नका.

नवऱ्या मुलाची वाट बघत दिवे घेऊन थांबलेल्या दहा कुमारींची येशूची गोष्टही आपल्याच बाजूची. नवऱ्या मुलाला उशीर झाला तेव्हा दहाही जणी झोपल्या, शहाण्यासुद्धा, असं शुभवर्तमानात मत्तयनं स्वच्छ लिहिलंय. तेवढंच पाठ करा. मूर्ख पाचजणी दिव्याला तेल नसल्यानं दाराबाहेर राहिल्या, हा तेलाचा मुद्दा पुढं येतो, तोवर चर्चमधल्या मिस्सेत आपलीही डुलकी लागलेली असते.

राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, फादर कपाळाला राख लावून 'माती आहेस, मातीला मिळशील' म्हणतात. ती पुसू नका, ऑफिसात दिसली पाहिजे. कुमसाराला, म्हणजे फादरपाशी पापांची कबुली द्यायलाही जा, पण पापं ठोकात सांगा. "राग येतो, फादर." कुणाचा, कधीपासून, असल्या किरकोळीत कशाला शिरायचं?

वेदीपाशी अर्पण नेताना भावाचं आपल्याविषयी काही मनात आहे असं आठवलं, तर अर्पण तिथंच ठेवून आधी समेट करायचा, असं प्रभू सांगतो. त्यावर उपाय सोपा आहे. आठवायचंच नाही. अर्पणाची पिशवी जवळ आली की सुट्टे पैसे शोधत राहायचं.

थडग्याच्या दगडात मात्र हयगय नको. आमच्या बाबांचा दगड चार वर्षं अडलाय. मी म्हणतो मराठीत 'बेळगाव' कोरायचं, माणूस बेळगावात जन्मला. धाकटा म्हणतो, २०१४ पासून गावाचं नाव 'बेळगावी' आहे, आणि कोरायचं कन्नडमध्ये, कारण त्याच्या पोरांना तेच वाचता येतं. दगडवाला कंटाळून म्हणाला, "लिपी ठरवा की ओ आधी, मग फोन करा." आता आम्ही दोघं त्यालाही फोन करत नाही आणि एकमेकांनाही. बाबा मातीच्या ढिगाखाली, नावाशिवाय. देवाला ओळखू येत असतील, असं धरून चाललोय.

१ नोव्हेंबरला आमच्याकडे सर्व संतांचा सण, कर्नाटकाचा राज्योत्सव आणि सीमाभागातल्या मराठी माणसांचा निषेधाचा काळा दिवस एकदमच येतात. दुसऱ्या दिवशी मृतांच्या स्मरणाला सगळे दफनभूमीत. गर्दीत नको ती तोंडं दिसतात, म्हणून वेळ वाटून घ्यावी. मी सकाळी आठलाच जाऊन येतो, धाकटा चारनंतर.

गेल्या वर्षी राखणदार भेटला. म्हणाला, तुमची मेणबत्ती तोवर विझलेली असते ओ. धाकटे साहेब ती काढून टाकत नाहीत. तिच्याच बुडख्यावर आपली चिकटवतात.