‘सायकलवाल्याने उतरून जावं’ म्हणणाऱ्यांना

पुण्यातल्या ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. सायकल ट्रॅक रस्त्याला छेदतो तिथे सायकलवाल्याने उतरून, सायकल हातात धरून पलीकडे जावं. तशी पाटी लावली की झालं. आणि कर गाडीवाले भरतात, तेव्हा रस्त्यावर पहिला हक्क त्यांचा.

आधी उतरण्याचं बघू. माणूस सेकंदाला साधारण सव्वा मीटर चालतो. म्हणजे १२ मीटरचा रस्ता ओलांडायला जवळपास १० सेकंद. तोच ताशी १२ किलोमीटरने, अगदी सावकाश पॅडल मारत गेला तर ४ सेकंदांच्या आत पार. थांबून पुन्हा सुटायला थोडा वेळ जादा धरा, तरी गाड्यांसमोर तो कमीच वेळ राहतो. आमच्या चौकात सकाळी पावणेसातला कामाला निघालेल्या एक मावशी दिसतात, हँडलला डब्याची पिशवी. उतरल्या की सायकल अंगावर कलते, पिशवी पुढच्या चाकाला घासते आणि भर रस्त्यात त्यांची नजर पिशवीकडे जाते. हे पाहून माझ्या पोटात गोळा येतो.

आता पाटी. ट्रॅकच्या तोंडाशी निळ्या गोलात सायकल असते, ती सांगते की हा ट्रॅक सायकलींचा. पुढे सायकली आडव्या येतील हे मोटारवाल्याला सांगणारी पाटी वेगळी: लाल कडेचा त्रिकोण, आत सायकल. आमच्या चौकात निळ्या दोन आहेत, लाल एकही नाही. ज्याच्या हातात वेग आहे त्याला कुणी काही सांगितलेलंच नाही!

आणि लाल पाटी लावली तरी तेवढ्याने भागणार नाही. चालकाचं लक्ष जायला एक सेकंद धरला, तर ताशी ५० ची गाडी कोरड्या रस्त्यावर थांबायला सुमारे २८ मीटर घेते, ताशी ३० ची सुमारे १३. त्यामुळे वेग ओलांडणीच्या आधीच उतरायला हवा. नेदरलँड्समध्ये बऱ्याच ठिकाणी ट्रॅकचं लाल डांबर रस्ता छेदून तसंच पुढे जातं आणि वाट कुणी द्यायची हे गाडीवाल्यापुढे रंगवलेले पांढरे त्रिकोण सांगतात.

कराचा मुद्दा दोन ओळींत संपतो. वाहनकर राज्य सरकारकडे जातो. शहरातले बहुतेक रस्ते महापालिका करते, आणि मिळकतकर सायकलवाल्याच्या घरालाही असतोच.

आमच्या चौकात ट्रॅकच्या उंचीची उचललेली ओलांडणी हवी, गाड्यांना दोन्हीकडून लाल त्रिकोण हवेत, आणि दुचाक्या अडवायला ट्रॅकच्या तोंडाशी रोवलेले खांब थोडे मागे सरकवायला हवेत. आत्ता मावशींना ऐन वळणावर गाड्यांकडे बघायचं सोडून त्या खांबांमधून हँडल काढावं लागतं.